दुपटीचे गणित : युद्धपीडित नागरिकांतील आघातोत्तर तणाव, लिंगभाव आणि ‘ग्रबावित्सा’

प्रास्ताविक

आघातोत्तर तणाव विकृतीचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे दुप्पट असते, हे विधान मानसशास्त्राच्या पदवी वर्गापासून आंतरराष्ट्रीय मदतकार्याच्या अहवालांपर्यंत इतक्या सहजपणे केले जाते, की त्याचे स्वरूप आता निष्कर्षाऐवजी सुभाषितासारखे झाले आहे. विधान खोटे नाही. त्यामागे चांगल्या दर्जाची संशोधने आहेत. परंतु ‘दुप्पट आढळते’ आणि ‘स्त्रिया दुप्पट दुर्बल असतात’ या दोन वाक्यांमधले अंतर बोलता बोलता केव्हा ओलांडले जाते, हे बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. युद्धात सापडलेल्या नागरिकांच्या बाबतीत हे अंतर ओलांडणे विशेष महाग पडते. कारण तेथे मोजणीच्या आधारावर भत्ते ठरतात, उपचार केंद्रे उघडतात वा बंद होतात, आणि पीडित कोणाला म्हणावे याचा निर्णय होतो.

प्रस्तुत लेखात बोस्नियाच्या युद्धाच्या (१९९२-९५) संदर्भात या गणिताची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी सर्वेक्षणांच्या जोडीला यास्मिला झ्बानिच या दिग्दर्शिकेचा ‘ग्रबावित्सा’ (२००६) हा चित्रपट विचारात घेतला आहे. चित्रपट हा पुरावा नव्हे, हा आक्षेप मान्य आहे. मात्र प्रश्नावली काय विचारते हे पाहायचे तर जे तिच्या चौकटीत मावत नाही त्याच्याशेजारी ती ठेवून पाहावी लागते, आणि ते काम या कलाकृतीने अनेक शोधनिबंधांपेक्षा अधिक नेमकेपणाने केले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गणिताची घडण

अमेरिकन मनोविकारशास्त्र संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९८० साली, या विकृतीला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा लढा होता, हे सर्वश्रुत आहे. त्यापूर्वीच, १९७४ साली, बर्जेस आणि होमस्ट्रॉम या दोन संशोधक स्त्रियांनी बलात्कारपीडित स्त्रियांमधील लक्षणसमूहाचे वर्णन केले होते. ते मात्र तितकेसे सांगितले जात नाही. सैनिकाचे रणांगण आणि स्त्रीचे घर या दोन ठिकाणची जखम एकाच जातीची आहे, हे ठामपणे मांडण्याचे काम ज्युडिथ हर्मन यांच्या १९९२ च्या ग्रंथाने केले. तरीही विकृतीचा मूळ नमुना सैनिकाचाच राहिला. १९८० च्या व्याख्येत आघात म्हणजे ‘सर्वसामान्य मानवी अनुभवाच्या कक्षेबाहेरची’ घटना असे गृहीत होते. सर्वसामान्य अनुभव कोणाचा, असा प्रश्न लॉरा ब्राऊन यांच्यासारख्या स्त्रीवादी मानसशास्त्रज्ञांनी उपस्थित केला, आणि तो बिनतोड होता. ज्या समाजात मारहाण व बलात्कार सर्रास घडतात तेथे ते ‘कक्षेबाहेर’ कसे म्हणावे?

१९९४ च्या चौथ्या आवृत्तीने ती अट काढली. तिच्या जागी दुसरी आली : घटनेच्या वेळी व्यक्तीला तीव्र भीती, असहायता किंवा थरकाप जाणवलेला असला पाहिजे. वरवर पाहता ही अट निरुपद्रवी दिसते. परंतु ज्या समाजात पुरुषाने ‘मी घाबरलो’ म्हणणे हीच नामुष्की, तेथे या अटीतून पुरुष गळतात आणि स्त्रिया आत येतात. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ही अटही वगळण्यात आली, आणि लक्षणांमध्ये बेदरकार व आत्मघातकी वर्तनाची भर पडली. युद्धग्रस्त प्रदेशांतील ज्या सर्वेक्षणांचे आकडे आपण आजही उद्धृत करतो त्यांतील बरीचशी या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळातील आहेत, एवढे येथे नोंदवून ठेवू.

आता प्रत्यक्ष आकडे. केस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात केव्हा तरी ही विकृती झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये १०.४ टक्के, तर पुरुषांमध्ये ५ टक्के आढळले. ‘दुप्पट’ हा शब्द रूढ होण्यात या पाहणीचा वाटा मोठा आहे. गंमत अशी, की आघातकारक घटनेला सामोरे गेलेल्यांचे प्रमाण त्याच पाहणीत पुरुषांत अधिक होते : पुरुष ६०.७ टक्के, स्त्रिया ५१.२ टक्के. घटना कमी आणि विकृती अधिक, म्हणजे दोष मनाचा, असे अनुमान येथून सुचते. पण त्याच निबंधातील एक आकडा वर्गात क्वचितच सांगितला जातो. बलात्कार हा ज्यांच्या आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक आघात होता अशा व्यक्तींमध्ये विकृतीचे प्रमाण स्त्रियांत ४५.९ टक्के होते आणि पुरुषांत ६५ टक्के. असे पुरुष संख्येने थोडे, त्यामुळे या आकड्यावर फार भार टाकता येणार नाही. तरीही स्त्रीमन उपजत नाजूक असते या समजुतीला तो आकडा अडचणीत आणतो, हे निश्चित.

टोलिन आणि फोआ यांनी पंचवीस वर्षांतील संशोधनांचे एकत्रित विश्लेषण २००६ साली प्रसिद्ध केले. लैंगिक अत्याचारांना स्त्रिया अधिक बळी पडतात, तर युद्ध, अपघात व अन्य हिंसा पुरुषांच्या वाट्याला अधिक येतात, हे त्यांनी दाखवले. मात्र आघातांच्या प्रकारांतील या फरकाने विकृतीमधला सगळा फरक उलगडत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. म्हणजे उरलेल्या फरकाचे काय, हा प्रश्न राहतोच. तो जीवशास्त्राच्या हवाली करण्याआधी अफगाणिस्तानकडे पाहणे उपयुक्त ठरेल. शोल्टे व सहकाऱ्यांनी नंगरहार प्रांतात केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्त्रियांच्या बाबतीत या विकृतीच्या लक्षणांचे शक्यता-गुणोत्तर पुरुषांच्या तुलनेत ५.८ इतके निघाले. चिंतेच्या लक्षणांसाठी ते १२.८ होते. शक्यता-गुणोत्तर आणि प्रमाणांची साधी तुलना या एकच गोष्टी नव्हेत, हे खरे. पण अमेरिकेतील आकड्यांचे रूपांतर शक्यता-गुणोत्तरात केले तरी ते सव्वादोनच्या पलीकडे जात नाही. स्त्रीदेह तर दोन्हीकडे सारखाच. मग सव्वादोनाचे सहाच्या जवळ कशामुळे जाते? उत्तर शरीरात शोधण्यापेक्षा घराच्या भिंती, बाहेर पडण्याची मुभा, वैधव्य आणि पोटाची सोय यांत शोधणे अधिक शहाणपणाचे होय. डी याँग व सहकाऱ्यांनी अल्जेरिया, कंबोडिया, इथिओपिया व गाझा या चार ठिकाणी केलेल्या अभ्यासातही (२००१) चारही ठिकाणी समान आढळलेला धोक्याचा घटक एकच होता : बाराव्या वर्षानंतर अनुभवलेला संघर्षजन्य आघात. स्त्री असणे हा तो घटक नव्हता.

दाखल्याचा प्रश्न

ग्रबावित्सा हा सारायेवो शहराचा एक भाग. वेढ्याच्या काळात तो बोस्नियन सर्ब सैन्याच्या ताब्यात होता. युद्ध संपल्यावर सुमारे दहा वर्षांनी तेथे राहणारी एस्मा आणि तिची बारा वर्षांची मुलगी सारा यांची ही कथा. चित्रपटाला २००६ च्या बर्लिन महोत्सवात ‘सुवर्ण अस्वल’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. एस्माची भूमिका मिर्याना कारानोविच या बेलग्रेडच्या अभिनेत्रीने केली आहे.

कथानकाचा सगळा ताण एका कागदावर तोललेला आहे. साराच्या शाळेची सहल जायची आहे. युद्धात शहीद झालेल्यांच्या मुलांना शुल्कात सवलत आहे. (बोस्नियन भाषेत शब्दही जवळजवळ हाच, ‘शेहिद’, तुर्की राजवटीबरोबर अरबीतून तेथे गेलेला, तर आपल्याकडे फारसीच्या वाटेने आलेला.) आपला बाप शहीद आहे असे साराला लहानपणापासून सांगितलेले आहे. तेव्हा दाखला आणला की काम झाले. पण आई दाखला आणत नाही. ती टाळाटाळ करते, रात्रीच्या क्लबात वाढपीण म्हणून काम करते, ओळखीपाळखीच्यांकडे पैसे मागते आणि पूर्ण शुल्क भरण्याचा प्रयत्न करते. दाखला नाही, कारण शहीद बाप नाही. सारा युद्धातील बलात्कारातून जन्मलेली आहे.

झ्बानिच यांची पहिली मोठी जाण या योजनेत आहे. राज्यसंस्थेपाशी मेलेल्या पुरुषासाठी कागद आहे, जिवंत स्त्रीसाठी नाही. प्रश्नावलीची गोष्ट फारशी निराळी नाही. युद्धग्रस्तांच्या अभ्यासात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या साधनांपैकी हार्वर्ड ट्रॉमा प्रश्नावली प्रथम इंडोचीनमधील निर्वासितांसाठी तयार झाली आणि पुढे बोस्नियासाठी तिची आवृत्ती निघाली. तिच्यात आधी घटनांची यादी येते, मग लक्षणांची; लक्षणांपैकी पहिली सोळा विधाने निदान-पुस्तिकेवर बेतलेली. उत्तरांची सरासरी ठरलेल्या उंबरठ्यापलीकडे गेली की व्यक्ती ‘पीडित’. या साधनाचे कर्ते संवेदनशील होते. स्थानिक अनुभवावर आधारलेली आणखी विधाने त्यांनी मुद्दाम जोडली. पण कोणत्याही यादीला आठवण टाळण्याची प्रवृत्ती लक्षण म्हणूनच मोजावी लागते.

एस्माच्या बाबतीत हे मोजणे कोठे अडखळते ते पाहू. ती टाळते, हे निर्विवाद. गर्दीच्या बसमध्ये गळ्यात साखळी घातलेल्या एका पुरुषाची उघडी छाती अगदी जवळ येताच ती घाईने उतरून जाते. हे पाठ्यपुस्तकी लक्षण आहे आणि दिग्दर्शिकेने ते कसलेही संगीत न ओतता दाखवले आहे. परंतु तिचे दुसरे मौन, मुलीपुढचे मौन, हे लक्षण आहे काय? ते मौन ती रोज कष्टाने सांभाळते. त्यासाठी ती रात्रपाळी करते, कर्ज मागते, खोटे बोलते. प्रश्नावलीत दोन्ही मौनांची खूण एकाच चौकटीत पडेल. एक तणावाची आणि दुसरी संगोपनाची. स्त्रियांचे गुणांक वाढतात त्यात या दुसऱ्या प्रकारच्या मौनाचा वाटा किती, हे कोणत्याही सरासरीतून समजणार नाही. स्त्रीवर कुटुंबाची लाज राखण्याची जबाबदारी असते म्हणून ती गप्प राहते आणि गप्प राहिली म्हणून ती रुग्ण ठरते. हे वर्तुळ लिंगभावाचे आहे.

स्त्रियांच्या केंद्रातील समूहोपचाराची दृश्ये चित्रपटाच्या आरंभी आणि अखेरीस येतात. एस्मा तेथे जाते ती मुख्यतः तेथे मिळणाऱ्या तुटपुंज्या मदतीसाठी, आणि बराच काळ बोलत नाही. समूहोपचारावरची ही तिरकस टिप्पणी मोलाची आहे : ज्याला आपण उपचारास मिळालेला प्रतिसाद म्हणतो तो पुष्कळदा महिन्याच्या पैशांना मिळालेला प्रतिसाद असतो. शेवटी ती बोलते तेव्हा अत्याचाराविषयी फार थोडे सांगते. सांगते ते गर्भाविषयी, तो नष्ट करण्याच्या स्वतःच्या धडपडीविषयी, जन्मलेले मूल पाहण्यास दिलेल्या नकाराविषयी आणि मग दूध येऊ लागल्यावर एकदाच पाजू असे म्हणून जवळ घेतलेल्या बाळाविषयी. आघात आणि माया यांना वेगळे काढण्याची सोयच या निवेदनात नाही. अत्याचाराचे एकही पूर्वदृश्य न दाखवण्याचा दिग्दर्शिकेचा निर्णय येथे पूर्णपणे सार्थ ठरतो.

चित्रपट निर्दोष नाही. सारा पिस्तूल रोखून आईकडून सत्य वदवून घेते तो प्रसंग नाट्याच्या हव्यासाने थोडा बटबटीत झाला आहे. आधीच्या तासाभरातील संयमाला तो शोभत नाही. क्लबातले गुंड-पुढारीही साच्यातले आहेत. तुलनेने एस्माशी जवळीक साधणारा अंगरक्षक पेल्दा अधिक सूक्ष्म उतरला आहे. दोघांची ओळख निघते ती सामूहिक कबरींतून काढलेल्या प्रेतांची ओळख पटवण्याच्या जागी, कारण दोघेही आपापल्या वडिलांना शोधत होते. पेल्दा समूहोपचाराला जात नाही. त्याच्या कंबरेला पिस्तूल आहे आणि मनात देश सोडण्याचा विचार आहे. त्याला कोणी प्रश्नावली दिली असती तर त्याचे गुण बहुधा उंबरठ्याखाली राहिले असते.

न मोजलेले पुरुष

पेल्दावरून दुसऱ्या बाजूकडे वळता येते. दुपटीचे गणित स्त्रियांवर अन्याय करते तसा पुरुषांवरही करते, हे लिंगभावाच्या अभ्यासकांनी संकोच न करता म्हटले पाहिजे.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे. सर्वेक्षण जिवंतांचे होते. बोस्नियाच्या युद्धात सुमारे एक लाख माणसे मेली आणि त्यांत पुरुषांची संख्या फार मोठी होती. स्रेब्रेनिकात जुलै १९९५ मध्ये सुमारे आठ हजार पुरुष व मुलगे वेगळे काढून मारले गेले. सर्वाधिक आघात ज्यांनी सोसला ते पुरुष नमुन्यातच नाहीत; त्यांच्या बायका, आया आणि बहिणी नमुन्यात आहेत. त्यांच्या दुःखाला ‘स्त्रियांमधील वाढीव प्रमाण’ असे नाव मिळते, हा संख्याशास्त्राचा दोष नव्हे, पण वाचणाऱ्याने भान ठेवावे अशी बाब निश्चित आहे.

दुसरी गोष्ट मोलिका व सहकाऱ्यांच्या कामातून दिसते. क्रोएशियातील छावणीत राहणाऱ्या ५३४ बोस्नियन निर्वासित प्रौढांचा अभ्यास त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केला. ३९.२ टक्के लोकांत नैराश्याची आणि २६.३ टक्के लोकांत आघातोत्तर तणावाची लक्षणे निकषात बसत होती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या टप्प्यात तीन वर्षांनंतरची स्थिती पाहण्यात आली. आरंभी विकारग्रस्त असलेल्यांपैकी ४५ टक्के तेव्हाही विकारग्रस्तच होते. या निबंधातील सर्वांत बोलका निष्कर्ष मात्र लक्षणांविषयी नाही, मृत्यूंविषयी आहे. मधल्या काळात मरण पावण्याचा संबंध वय, कुटुंबापासून तुटलेपणा आणि पुरुष असणे यांच्याशी आढळला, आणि आघातांचा इतिहास व प्रकृतिमान लक्षात घेऊनही तो टिकला. पुरुषांचे मरण सर्वत्रच लवकर येते, हा युक्तिवाद करता येईल. तरीही लक्षणांच्या रकान्यात जो तोटा दिसत नाही तो मृत्यूच्या नोंदवहीत उतरतो, ही शक्यता दृष्टिआड करता येत नाही.

तिसरी गोष्ट न्यायालयाच्या निकालपत्रातील आहे. चेलेबिची छावणीत बोस्नियन सर्ब कैदी ठेवलेले होते आणि पहारा बोस्नियाक व क्रोएट फौजांचा होता. पूर्वीच्या युगोस्लावियासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय लवादाने या प्रकरणी नोव्हेंबर १९९८ मध्ये निकाल दिला. छावणीतील स्त्रियांवरील बलात्कार हा ‘यातना’ या गंभीर गुन्ह्यात मोडतो असे लवादाने ठरवले. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासात हा मैलाचा दगड मानला जातो आणि ते योग्यच आहे. त्याच छावणीत दोन भावांना एकमेकांशी लैंगिक कृत्य करण्यास भाग पाडण्यात आले होते. ते मात्र ‘अमानुष व क्रूर वागणूक’ म्हणून नोंदले गेले. आरोपपत्र तशा रीतीने मांडले असते तर तो बलात्कार ठरू शकला असता, असे खुद्द निकालातच म्हटले आहे. एकच छावणी, एकच निकालपत्र, आणि एकाच जातीच्या कृत्याला देहानुसार दोन नावे. प्रश्नावली हातात घेऊन गेलेल्या मुलाखतकाराला अशा पुरुषाने कोणत्या चौकटीत खूण करावी? त्याच्यासाठी शब्दच ठरलेला नव्हता.

डेरेक समरफील्ड यांनी १९९९ साली युद्धग्रस्त प्रदेशांतील आघात-कार्यक्रमांवर जी टीका केली तिचा रोख असा होता, की सामाजिक व राजकीय यातनेला वैद्यकीय नाव दिले की न्यायाची मागणी मागे पडते. टीका मोठ्या प्रमाणात पटण्यासारखी आहे, पण लिंगभावाच्या बाबतीत ती अपुरी पडते. बोस्नियातील स्त्रियांना वैद्यकीय नावाची गरज नव्हती असे म्हणणे सुखवस्तू माणसाला सोपे आहे. युद्धातील बलात्कारपीडितांच्या संख्येचे अंदाज २०,००० पासून ५०,००० पर्यंत दिले जातात. नागरी युद्धपीडित म्हणून भत्ता मिळवायचा तर शरीराची किमान ६० टक्के हानी सिद्ध करावी लागे. बलात्काराची टक्केवारी काढायची कशी? ‘ग्रबावित्सा’ प्रदर्शित झाल्यावर त्याच वर्षी पीडित स्त्रियांच्या संघटना व चित्रपटकर्त्यांनी मिळून मोहीम चालवली आणि बोस्निया-हर्झेगोविना फेडरेशनच्या कायद्यात लैंगिक अत्याचारपीडितांचा स्वतंत्र वर्ग करण्यात आला. त्यांना ६० टक्क्यांच्या अटीतून वगळण्यात आले. येथे निदानाने न्यायाला मागे ढकलले नाही. मानसिक जखम ही जखम आहे हे मान्य झाल्यामुळेच अट शिथिल होऊ शकली. समरफील्ड यांच्या टीकेला हा छोटा पण ठोस अपवाद आहे.

तो अपवादही प्रदेशाच्या सीमेवर थांबला. देशाचा दुसरा घटक असलेल्या सर्ब प्रजासत्ताकात युद्धकाळातील यातनापीडितांसाठीचा कायदा होण्यास २०१८ साल उजाडले. आणि युद्धातील बलात्कारातून जन्मलेल्या मुलांना स्वतंत्र पीडित म्हणून फेडरेशनच्या कायद्यात स्थान मिळाले ते २०२३ साली. चित्रपटातील सारा खरी असती तर तोवर ती तीस वर्षांची झाली असती.